पिशवीची बखर

बखरी कोणी लिहिल्या? लढवय्यांनी नव्हे. ते लढण्यात गुंतलेले असत. बखरी लिहिल्या त्या बहुधा चिटणिसांनी, म्हणजे सोप्या मराठीत कारकुनांनी. मल्हार रामराव चिटणीस यांचं नाव निघालं की आम्ही बँकेतले लोक मनातल्या मनात कॉलर ताठ करतो, ती याच कारणाने. तेव्हा बी. कॉम. होऊन वीसएक वर्षं काउंटरमागे काढलेला माझ्यासारखा मनुष्य आज बखर लिहायला बसला म्हणून इतिहासाचार्यांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. विषयही मी त्यांच्या वाटेतला घेतलेला नाही. गड नाही, तह नाही, वंशावळ तर नाहीच नाही. ही बखर आहे प्लास्टिकच्या पिशवीची, तिला आवरण्यासाठी सरकारने जे जे नियम केले त्यांची, आणि ते नियम पाळू म्हणणाऱ्याला सरकारने जी जी मदत केली तिची. यातला मदतीचा भाग फार मोठा नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाचकाने त्या आशेवर पानं उलटू नयेत.

पिशवीपूर्व काळ मी थोडासा पाहिला आहे. 1985-86 च्या सुमारास आमच्या वाण्याच्या दुकानात छताला सुताचं रीळ टांगलेलं असे. वाणी रद्दीच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढायचा, त्याचा शंकू करायचा, त्यात तूरडाळ ओतायचा, वरून दोरा खेचून दोन वेढे मारायचा आणि एका हिसक्यात दोरा तोडायचा. हे चालू असताना तोंडाने तो तिसऱ्याच गिऱ्हाइकाची मागची उधारी काढत असे. घरी आलं की डाळ डब्यात जायची, दोरा खिडकीच्या गजाला गुंडाळला जायचा, आणि कागद आजोबा वाचायचे. बातमी नेमकी खुनाची असायची, आणि खुनी कोण ते दुसऱ्या कोणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेलेलं असायचं. तेलाला किटली, रॉकेलला डबा, भाजीला वायरची पिशवी किंवा जुन्या पँटची शिवलेली. त्या पँटच्या पिशवीला खिसा तसाच ठेवलेला असे, म्हणजे सुटे पैसे वेगळे ठेवता यावेत. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही लोक किती इकोफ्रेंडली होतात!" आम्ही इकोफ्रेंडली वगैरे काही नव्हतो, आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

वडिलांचं लहानपण मुंबईत गेलं. त्यांच्याकडून आरेच्या दुधाच्या बाटल्यांबद्दल इतकं ऐकलंय की मीच केंद्रावर रांगेत उभा राहिलो होतो असं मला कधीकधी वाटतं. आरेची दूध वसाहत 1949 सालची. बाटली काचेची, तोंडाला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं बूच. केंद्रावर जाताना रिकामी बाटली विसळून न्यायची, भरलेली आणायची. रिकामी नाही, तर भरलेली नाही. या एका वाक्यात पुढच्या पन्नास वर्षांचे सगळे कायदे बसतात. पण हे वाक्य सरकारी भाषेत लिहायचं तर राजपत्राची चाळीस पानं लागतात, आणि लागलीही.

आता मुख्य पात्राचा प्रवेश. स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन नावाचे एक गृहस्थ होते. प्लास्टिकची नळी सपाट करायची, खाली चिकटवायची, वर दोन कान कापायचे, अशी त्यांची युक्ती. तिला 1965 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. आपण बाजारात जिला बनियनची पिशवी म्हणतो ती हीच. थुलिनसाहेबांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलंय, की कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात, ती वाचावीत म्हणून वडिलांनी ही टिकाऊ पिशवी काढली, आणि लोक ती एकदा वापरून फेकतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते स्वतः एक पिशवी घडी करून कायम खिशात ठेवायचे. म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचा जनक हा आमच्या आजोबांसारखा घरून पिशवी घेऊन निघणारा मनुष्य होता. अशा माणसाच्या वाट्याला असं कर्तृत्व यावं, याला दैव म्हणायचं.

आपल्याकडे पिशवी रुळली तेव्हा तिला मान होता. गाळीव कापडाच्या दुकानातून मिळालेली जाड पिशवी आई धुऊन दोरीवर वाळत घालायची. वरच्या मजल्यावरच्या काकू लग्नाला जाताना अहेराची साडी मुद्दाम एका मोठ्या दुकानाच्या पिशवीतून न्यायच्या. साडी त्या दुकानातली नसायची. प्रत्येक मध्यमवर्गीय घरात स्वयंपाकघराच्या दाराला एक पिशव्यांची पिशवी लटकत असे, आणि अजूनही असते. पण मग पिशवी पातळ झाली, स्वस्त झाली, आणि मान गेला. पावशेर मिरच्यांना पिशवी, कोथिंबिरीच्या जुडीला पिशवी, या दोन पिशव्यांना मिळून तिसरी पिशवी. घरून पिशवी घेऊन जाणारा माणूस भाजीवालीलाच गावंढळ वाटू लागला.

मग सरकार जागं झालं. पहिले नियम केंद्राने 1999 मध्ये केले. पुन्हा वितळवून केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून खाण्याचा जिन्नस द्यायचा नाही, असं त्यात होतं. 2003 ची दुरुस्ती आली तीत पिशवीचं मापच ठरलं: 8 इंच बाय 12 इंचांपेक्षा लहान नको आणि 20 मायक्रॉनपेक्षा पातळ नको. मायक्रॉन हा शब्द आपल्या संसारात शिरला तो असा. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे भाजीवालीने पिशवी चिमटीत धरून ती केसाच्या पाव जाडीची आहे की एक तृतीयांश, हे ओळखावं अशी सरकारची अपेक्षा होती. आमच्या शाखेतले हेड कॅशियर बोटाच्या स्पर्शाने खोटी नोट ओळखत. तेही म्हणाले, हे आपल्याला जमायचं नाही.

जाडीची ही भानगड वरवर वेड्यासारखी दिसते. प्लास्टिक कमी करायचंय तर पिशवी जाड कशाला? पण त्यामागे हिशेब होता, आणि कॉमर्सवाल्याला तो पटतो. जाड पिशवीला पैसे पडतात, म्हणून दुकानदार ती उधळत नाही. आणि तिला वजन असतं, म्हणून कचरा वेचणारी बाई ती उचलते. पातळ पिशव्या दिवसभर वेचल्या तरी किलो भरत नाही. सगळं शास्त्र त्या बाईच्या तराजूवर उभं होतं. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली, आणि पाणी का तुंबलं याची चौकशी सुरू झाली तेव्हा गटारांच्या तोंडाशी पिशव्या सापडल्या. नाल्यावर बांधलेल्या इमारती, मिठी नदीचं आक्रसलेलं पात्र, शंभर वर्षांची जुनी गटारव्यवस्था, असे बरेच आरोपी होते. पण त्यांतल्या बहुतेकांना वकील होते. पिशवीला नव्हता. बांगलादेशाने तर 2002 मध्येच पातळ पिशव्यांवर बंदी घातली होती, आणि तीही पुरात तुंबलेल्या गटारांच्याच अनुभवातून. आपल्या राज्याने 2006 मध्ये स्वतःचा अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला आणि जाडी 50 मायक्रॉनवर नेली.

यापुढचा काळ म्हणजे मायक्रॉनचा महागाई भत्ता. 2011 मध्ये केंद्राने नवे नियम केले आणि 40 मायक्रॉन ठरवले. म्हणजे महाराष्ट्रात 50 आणि दिल्लीच्या कागदावर 40. 2016 मध्ये केंद्रही 50 वर आलं. 2021 च्या दुरुस्तीने 30 सप्टेंबर 2021 पासून 75 झाले, आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120. आमच्या भत्त्याचा आकडासुद्धा या वेगाने चढला नाही. 2011 च्या नियमांत एक कलम होतं, की दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची नाही. ते मात्र उत्तम होतं. मोठ्या मॉलवाल्यांनी ते ताबडतोब आणि आनंदाने पाळलं, स्वतःची जाहिरात छापलेली पिशवी गिऱ्हाइकाला विकत द्यायला लागले. सरकारचा नियम पाळून नफा झाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

2016 च्या नियमांत याच्या पुढची पायरी होती. ज्या दुकानदाराला पिशव्या द्यायच्या असतील त्याने नगरपालिकेत नोंदणी करायची आणि वर्षाला किमान 48,000 रुपये भरायचे, महिन्याला 4,000 प्रमाणे. आमच्याकडे चालू खातं असलेले एक किराणा दुकानदार ही बातमी घेऊन माझ्या काउंटरवर आले होते. "साहेब, कर्ज मिळेल का यासाठी?" म्हणाले. मी म्हटलं, शेठ, कर्जाचं कारण काय लिहू? पिशवी देण्याचा हक्क? ते हसले आणि म्हणाले, "राहू द्या. नियमच दोन वर्षांत जाईल." मार्च 2018 मध्ये ते कलम खरोखर काढून टाकलं गेलं. त्या दिवसापासून बाजार कुठे चाललाय हे मी अर्थतज्ज्ञांचे लेख वाचून ठरवत नाही, शेठजींना विचारतो.

आणि त्याच मार्चमध्ये, 23 तारखेला, महाराष्ट्राने मोठी तोफ डागली. पिशव्या, थर्माकोल, एकदा वापरून फेकायच्या ताटल्या-वाट्या, सगळं बंद. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. घरातला साठा संपवायला तीन महिन्यांची मुदत. 23 जूनला मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो दचकून चालू लागला. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त साहेब पिशवीतून मासे आणत होते. समोर खाकी कपड्यातला माणूस दिसताच त्यांनी पिशवी सदऱ्याच्या आत घातली. तो गॅस सिलिंडरवाला होता. साहेबांच्या अंगाचा वास तीन दिवस गेला नाही, असं त्यांच्या घरच्यांकडून कळलं.

मात्र महिना उलटायच्या आत किराणा दुकानदारांच्या वेष्टनांना सवलत मिळाली. मग आणखी काहींना. गणपती आले, मखराच्या थर्माकोलवरून वाद झाला. नियमाला जागोजाग ठिगळं पडू लागली. इथून माझी बखर जरा गंभीर होते, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या शाखेत एका महिला बचत गटाचं खातं आहे. अकरा बायका. बंदीची बातमी आली तेव्हा गटाच्या अध्यक्षबाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. "भाऊ, आता सगळ्या गावाला कापडी पिशव्या लागणार. आम्ही शिवतो. मशीनला कर्ज द्या." कागदपत्रं मीच तपासली. धंद्याची योजना असावी तर अशी. मागणी नक्की, कारण सरकारने कायदाच केला आहे. स्पर्धा नाही, कारण स्पर्धकाला तीन महिने कैद आहे. कर्ज मंजूर झालं, चार मशीन आल्या. सरकारी मदत म्हणून तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं आणि शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्र, लॅमिनेशन केलेलं. त्या लॅमिनेशनचे मायक्रॉन किती हे मी विचारलं नाही.

पहिले चार महिने मशीन रात्रीसुद्धा बंद नव्हती. अध्यक्षबाई हप्ता भरायला यायच्या त्या तारखेच्या आधी. मग एक दिवस आल्या, आणि काउंटरवर एक हिरवी पिशवी ठेवली. दिसायला कापडासारखी, वर टिकल्या-टिकल्यांची नक्षी. "ही बघा भाऊ. दुकानदार म्हणतो, ही पण कापडीच आहे आणि तीन रुपयांना पडते. आमची बारा रुपयांना. ह्याला धागा कुठाय दाखवा." मी ओढून पाहिलं. धागा नव्हता. तिला नॉन-वोव्हन म्हणतात, म्हणजे न विणलेली. आणि ती असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. 2018 च्या बंदीत तीही होती. पण चिमटीत मायक्रॉन मोजू न शकलेल्या बाजाराने तिच्यातला धागा मोजावा, ही अपेक्षा जास्तच होती. पुढे केंद्राच्या 2021 च्या नियमांनी चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट घालून तिला रीतसर खुर्चीच दिली.

म्हणजे नियम मोडणाऱ्याचं काही बिघडलं नाही. तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा चालू लागला. बुडण्याची पाळी आली ती नियमावर विश्वास ठेवून ज्यांनी मशीन घेतल्या त्यांच्यावर. अनुदान देऊ नका, प्रशिक्षण देऊ नका, तुमचं प्रमाणपत्रही नको. फक्त आज केलेला नियम उद्या तसाच ठेवा, एवढी मदत मिळाली असती तर गटाचा हप्ता कधी चुकला नसता. दोनदा चुकला. दोन्ही वेळा अध्यक्षबाईंनी स्वतःहून येऊन सांगितलं. मोठे कर्जदार हप्ता चुकवतात तेव्हा आम्हालाच त्यांना शोधत जावं लागतं.

त्या 2018 च्या आदेशात एक कलम सोन्यासारखं होतं, आणि ते मला कारकून म्हणून अजून खुणावतं. दुधाच्या पिशवीवर 50 पैसे परताव्याची किंमत छापायची, प्यायच्या पाण्याच्या बाटलीवर रुपया-दोन रुपये. रिकामी परत करा, पैसे घ्या. म्हणजे आरेची बाटलीच, फक्त प्लास्टिकच्या वेषात. जून 2019 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात सांगितलं, की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात, वजन 31 टन, आणि महिन्याभरात ही योजना लागू होईल. मी लगेच गुणाकार केला. एक कोटी गुणिले आठ आणे, म्हणजे रोजचे 50 लाख रुपये फिरणार. पासबुक नाही, केवायसी नाही, जामीनदार नाही. एवढी मोठी ठेव योजना आमच्या बँकेने उभ्या आयुष्यात काढली नव्हती. मी घरी पिशव्या धुऊन साठवायला सांगितल्या. त्या चार महिने साठल्या. आठ आणे घेऊन दूधवाला काही आला नाही, आणि एका रविवारी सौ.ने तो गठ्ठा भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याने मात्र पैसे दिले, वजन करून, तिथल्या तिथे.

ही युक्ती चालत नाही असं कोणी म्हणू नये. निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2022 पासून सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली, रिकामी परत दिली की दहा रुपये परत. डोंगरात हत्तींच्या पायात काचा रुतायच्या म्हणून ही योजना. बहुतांश बाटल्या परत आल्या. पिऊन झाल्यावरसुद्धा माणसाला दहा रुपयांचं भान असतं हे यातून सिद्ध झालं. आमच्या शाखेतल्या अनुभवी मंडळींनी याला दुजोरा दिला. माझा भाचा जर्मनीत शिकायला आहे. तिथे 2003 पासून एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंटची ठेव आहे. पहिल्या महिन्यात तो म्हणाला, "मामा, वसतिगृहात पार्टी झाली की सकाळी बाटल्या गोळा करायला मी पहिला." गोव्याने 2024 मध्ये अशी ठेव-परताव्याची योजना अधिसूचित केली आहे. आमचे शेठजी म्हणतात, बघू.

आता जबाबदारीकडे वळू. 1990 मध्ये टोमास लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश विद्वानाने कल्पना मांडली, की वस्तू ज्याने बनवली त्याचं काम ती विकून संपत नाही. तिचा कचरा होईपर्यंत आणि झाल्यावरही ती त्याचीच. विस्तारित उत्पादक जबाबदारी असं तिचं सरकारी मराठी बारसं झालं आहे. म्हणजे पिशवी काढली स्वीडनने आणि तिचा बाप कोण हे सांगणारा शब्दही स्वीडननेच. 1991 मध्ये जर्मनीने त्यावर वेष्टनांचा कायदा केला, आणि कंपन्यांना आपली खोकी आणि डबे पुन्हा गोळा करायची व्यवस्था उभारावी लागली.

आपल्याकडे ही जबाबदारी 2011 च्या नियमांत दिसते, 2016 मध्ये ठळक होते, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तिची सविस्तर नियमावली येते. कंपनीने जेवढं प्लास्टिक बाजारात सोडलं त्याच्या ठरलेल्या टक्क्याइतकं परत मिळवून त्याची विल्हेवाट लावायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद करायची. स्वतःला जमत नसेल तर ज्याने प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया केली त्याच्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं. इथे मी खुर्चीत सरसावून बसलो. जमा, नावे, शिल्लक, पुढे ओढलेली शिल्लक! कचऱ्याची खतावणी! सूक्ष्म आणि लघु उद्योगांतल्या ब्रँडवाल्यांना यातून वगळलं आहे, म्हणजे पापड विकणाऱ्या बचत गटाला पोर्टलवर जायची गरज नाही. ही एक सूट मात्र कोणीतरी विचार करून दिली.

पण जिथे प्रमाणपत्र आलं तिथे खोटं प्रमाणपत्र येणारच, हे बँकेतल्या शिपायालाही कळतं. 2023 मध्ये मंडळाने तपासणी केली तेव्हा चार पुनर्प्रक्रिया कारखान्यांनी मिळून सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं आढळलं. म्हणजे प्लास्टिक होतं तिथेच, ओढ्यात, आणि कागदावर ते वितळून, गाळून, नवं होऊन विकलंही गेलं होतं. आमच्याकडे खोट्या सोन्यावर कर्ज घेणारे येतात. त्यांना निदान दागिना आणावा लागतो.

खरं प्लास्टिक ज्या हातांनी उचललं जातं ते हात या खतावणीत कुठेच नाहीत, आणि म्हणून बखरीत त्यांचं नाव घालणं मला भाग आहे. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रस्त्यावरचा कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना. त्यांनी काय मागितलं? ओळखपत्र. पोलिसाने चोर म्हणून हटकलं तर दाखवायला. पुणे महापालिकेने ते मान्य केलं, आणि पुढे 2007-08 च्या सुमारास याच बायकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेला दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम मिळालं. या संपूर्ण इतिहासात मला दिसलेली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत टिकाऊ सरकारी मदत हीच: फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला एक कागदाचा तुकडा. 2013 मध्ये तर त्यांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून, पोती भरून बनवणाऱ्या कंपन्यांच्या पत्त्यावर धाडले, की फेकताना गुंडाळायला पाकीट द्या, हे आम्हाला रोज हाताने वेगळे करावे लागतात. लिंडक्विस्टसाहेबांचा अख्खा प्रबंध एका पोत्यात बसवला बायांनी.

1 जुलै 2022 पासून कानाच्या काड्या, फुग्याच्या काड्या, स्ट्रॉ, चमचे, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण अशा वस्तूंवर देशभर बंदी आली. त्यांना पर्याय बनवू इच्छिणाऱ्या लहान कारखानदारांसाठी प्रदूषण मंडळं, लघुउद्योग खातं आणि सिपेट ही प्लास्टिकचं तंत्र शिकवणारी केंद्रीय संस्था यांनी मिळून कार्यशाळा ठेवल्या. स्वच्छ भारतच्या ग्रामीण टप्प्यात तालुक्यामागे एक प्लास्टिक हाताळणी केंद्र आणि त्यासाठी 16 लाखांपर्यंत निधी अशी तरतूद आहे. हे सगळं चांगलं आहे, वाईट म्हणण्याचं कारण नाही. तामिळनाडूने डिसेंबर 2021 मध्ये पिवळ्या कापडी पिशवीची मोहीम काढली. ती पिशवी एकेकाळी तिथे खेडवळपणाची खूण समजली जायची. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहाचं नाणं टाकलं की पिवळी पिशवी देणारं यंत्रही बसवलं.

या यंत्राचा फोटो मी अध्यक्षबाईंना दाखवला. गटाच्या मशीनवर आता शाळेचे गणवेश आणि पलंगपोस शिवले जातात, कर्जाचे शेवटचे तीन हप्ते उरले आहेत. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, आत पिशव्या किती मावतात ते विचारलं, शिवण दुहेरी आहे का हे मोठा करून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे 120 मायक्रॉन का काय आहे ते, आता कायमचं का? का परत बदलणार? म्हणजे कापडाचा तागा घेऊन ठेवायचा का नाही, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "ताई, शेठजींना विचारून सांगतो."